उष्माघात आणि माझ्या दोन गोधड्या

"हीटस्ट्रोक आहे," लोणावळ्यातले डॉक्टर म्हणाले आणि मला चक्क हसू आलं. आमच्याकडे लोक गारव्याला येतात हो! भाजे गावातल्या आमच्या घरात तोवर साधा पंखासुद्धा नव्हता.

हीटस्ट्रोक म्हणजे उष्माघात. अंग इतकं तापतं की त्याला स्वतःला गार करताच येत नाही.

माझे मिस्टर मळवलीत एका बंगल्याची देखभाल करतात. मे महिन्यात आम्हा मावळातल्या लोकांच्या डोक्यात एकच काम असतं, पावसाआधी छप्पर. दोन दिवस हे पत्र्यावर चढून भोकांना डांबर लावत होते. दुसऱ्या दुपारी घरी आले ते भेलकांडतच. उलटी झाली, काहीबाही बरळायला लागले. अंगाला हात लावला तर चटकाच बसला.

सासूबाई म्हणाल्या, "थंडीताप हाय. गोधडी घाल, घाम आला की उतरंल." आमच्याकडे ताप येतो तो भिजूनच. मी दोन गोधड्या घातल्या, खिडक्या लावल्या, आल्याचा काढा पाजला. घाम काही येईना, बरळणंही थांबेना. तासाभराने हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी कोण?" मी हाका मारतच बाहेर धावले. शेजारच्या भाऊंनी जीप काढली.

हॉस्पिटलमध्ये नर्सने आधी गोधडी ओढून बाजूला टाकली. मग ओल्या चादरी, बर्फ, दोन पंखे. तापलेल्या माणसाला भिजवतात? मला प्रश्न विचारायची खोडच आहे, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तापात शरीर आतून उष्णता वाढवतं. ही उष्णता बाहेरून आलीय. तुम्ही ती कोंडलीत."

"पूर्वी असे पेशंट यायचे इथे?"

"क्वचित. आता उन्हाळा आला की आम्ही तयारच असतो."

रोज क्रिएटिनीनची तपासणी व्हायची. किडनी किती काम करते ते त्यावरून कळतं. लघवीची पिशवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. ती फिकी झाली का, हे मी दर भेटीला वाकून बघायचे. पण खरी धास्ती दुसरीच होती. हे मला ओळखतील का? "मेंदूचं आत्ताच सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. आयसीयूबाहेरच्या बाकावर मी दोन दिवस स्वतःला शिव्या घालत बसले.

तिसऱ्या दिवशी पिशवीत पिवळा रंग दिसला. ह्यांनी डोळे उघडले, मला नीट न्याहाळलं.

"शेवंते, लय उकडत हुतं गं. काढ काढ म्हनत हुतो. ऐकशील तर शपथ!"

मी तिथेच भोकाड पसरलं. ज्याला मी बरळणं समजत होते, ते हे होतं!

आता घरात पंखा आहे आणि सासूबाई त्याखालून हलत नाहीत. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी कुणी उन्हातून असं तापून आलं, तर पांघरूण घालू नका. पाणी मारा, वारा घाला, दवाखाना गाठा. आणि माणूस काय बरळतोय, तेही जरा कान देऊन ऐका.