साडूंनी मागून उचललेली गाडी

माणसं जग समोरून बघतात. आमचे साडू ते मागून बघायचे. नवी वस्तू, नवं घर, कुणाचा नवा जावई, काहीही दाखवलं की ते आधी मागच्या बाजूला जात, दोन पावलं लांब उभे राहत, मान तिरकी करत आणि खालच्या आवाजात म्हणत, "मागून बसलंय रे." सृष्टीतली प्रत्येक गोष्ट कालांतराने मागून खचते आणि वेळीच उचलली नाही तर पुढचं सगळं बिघडतं, अशी त्यांची श्रद्धा होती. नोकरी विमा कचेरीत केली, पण जीव या उचलण्यातच होता. चारकोपच्या त्यांच्या घरात सोफ्याच्या मागच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे होते. त्यामुळे पाहुणा गप्पा मारता मारता हळूहळू पुढे सरकायचा आणि चहा संपेपर्यंत अगदी कडेवर यायचा. "उठायला सोपं जातं," साडू म्हणायचे. आमच्या भांडुपच्या घरी येऊन त्यांनी फ्रिज मागून उचलला, तेव्हापासून त्याचं दार आपोआप उघडायला लागलं. माझ्या बायकोने तक्रार केली, तर म्हणाले, "बघ, आता ओढावं लागत नाही ना?" अंधेरीला रिक्षा पकडायची तर रांगेतल्या रिक्षा ते मागून तपासत आणि एखादी नापसंत करत. रिक्षावाले काय म्हणायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलुंडच्या एका लग्नात वरातीची सजवलेली गाडी त्यांना मागून बसलेली दिसली. मागच्या सीटवर नवरीची एक भरभक्कम मावशी होती. साडूंनी दार उघडलं आणि अदबीने म्हणाले, "मावशी, तुम्ही पुढे या. पुढे वारा छान लागतो." मावशी खूश होऊन पुढे गेल्या आणि गाडी सरळ झाली. माणसाचं वजन ही गोष्ट साडूंनी कुणासमोर कधी उच्चारली नाही. ही त्यांची सवय मला तेव्हा नुसती मजेशीर वाटली.

मग ती गाडी आली. अंधेरीच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून भंगारात निघालेली, तांबडी, जुनी, तीन चाकांची, इंजिनावर चालणारी. लहान मुलाची ट्रायसिकल पंप मारून फुगवावी तशी. टायर भोपळ्यासारखे, पुढे हॅण्डल, मागे लांब सीट. वाळूत, चिखलात चालवायची. रस्त्यावर न्यायची सोयच नाही. त्यांनी ती गोराईला एका मित्राच्या नारळाच्या वाडीत नेऊन ठेवली. खाडी ओलांडून ते दर रविवारी तिच्याकडे जायचे, आणि अधूनमधून मलाही न्यायचे.

गाडी कशासाठी, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, आमच्या ताई. त्या देवगडकडच्या, लहानपण समुद्रावर गेलेलं. आता गुडघे गेले होते. वाडीच्या फाटकापासून पाण्यापर्यंत सगळी मऊ वाळूची पुळण. पाय रुततो, त्यांना चालवत नाही. "तिला एकदा पाण्यापर्यंत न्यायचंय रे," साडू म्हणाले, "उचलून नाही. बसवून, ऐटीत."

पण मागे कुणी बसलं की गाडी खरोखरच मागून बसायची. स्प्रिंग म्हातारी झालेली. मागची चाकं मडगार्डला घासायची, पुढचं हलकं व्हायचं आणि हॅण्डल वळवलं तरी गाडी सरळच जायची. साडूंचं आयुष्यभराचं म्हणणं पहिल्यांदाच पुरतं खरं ठरलं होतं! त्यांनी आधी स्प्रिंग आवळली. भागलं नाही. मग चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यातून लोखंडी पट्ट्या करून आणल्या आणि मागच्या शॉकअपला खालून जोड दिला. गाडी वर आली, पण चेन घासायला लागली. तिच्याखाली नायलॉनचा तुकडा बसवला. मग गाडी जरा जास्तच उचलली गेली, तेव्हा पट्ट्या परत कापून आणल्या. रिकामी गाडी आता विचित्र दिसायची, शेपूट वर करून दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. बघणारा हसायचाच.

एका रविवारी त्यांनी मित्राला पुढे हॅण्डल धरून बसवलं, मला मागे, आणि माझ्या मांडीवर नारळांचं एक पोतं दिलं.

"हे कशाला?"

"तू पुरत नाहीस."

आणि स्वतः मागे वाळूत पालथे झोपून, गाल जमिनीला टेकवून बघू लागले. "एक नारळ काढ. नको, ठेव परत. हलू नकोस रे!" शेवटी उठले, कपाळावरची वाळू झाडली. "झकास," म्हणाले. ताईंना हे सांगायचं का, असं मी विचारलं, तेव्हा इकडेतिकडे बघून हळूच बोलले, "तिला सांगू नकोस हां. जुन्या गाडीची स्प्रिंग गेली होती, एवढंच सांगायचं."

ताईंना नेलं त्या दिवशी आम्ही सगळे घरचे होतो. ताई खास नवी साडी नेसून आल्या होत्या. आधार देऊन त्यांना मागे बसवलं, मित्राने हॅण्डल धरलं आणि साडू शेवटचं बघायला मागे गेले. ती कोंबडी हळूच खाली आली आणि जमिनीला समांतर उभी राहिली. इतकी बरोबर, की सगळे बघतच राहिले. घरात विनोद करायचा मान माझा. तो मी आयुष्यभर सांभाळला होता. मी मोठ्याने म्हणालो, "हिशेब जमला! ताई म्हणजे मी अधिक एक पोतं नारळ!"

सगळे खो खो हसले. ताईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "मला उतरवा जरा. भीती वाटते." त्या उतरल्या, फाटकाजवळच्या बाकावर बसल्या, आणि पुन्हा कधी त्या गाडीवर बसल्या नाहीत.

परतताना बोटीत सगळे गप्प होते. गप्प बसणं मला जमत नाही. मी म्हणालो, "साडूभाऊ, तुम्ही गाडी एवढी उचलून ठेवलीत, ताई घाबरणार नाहीत तर काय?" साडूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ताई पलीकडेच बसल्या होत्या. "हो रे," ते म्हणाले, "जरा जास्तच उचलली मी."

पुढच्या रविवारी त्यांनी पट्ट्या काढून टाकल्या. त्या दिवसाबद्दल मला ते कधी काही बोलले नाहीत. घरात मात्र साडूंनी गाडी जास्त उचलली म्हणून ताई घाबरल्या, हीच गोष्ट कायम झाली, आणि प्रत्येक समारंभात ती मीच रंगवून सांगितली.

साडू गेल्या थंडीत गेले. परवा त्यांच्या घरी जेवायला जमलो होतो. त्यांचा मुलगा सांगत होता, "बाबांनी ना, गाडीची पार वाट लावली होती. इतकी वर केली, की आई घाबरून उतरली!" सगळे हसले. मी ताट बाजूला सारलं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. ताई पोळ्या भाजत होत्या.

मी म्हणालो, "ताई, गाडी बरोबर होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी बोललो, म्हणून तुम्ही उतरलात."

"मला ठाऊक नाही होय?" ताई तव्याकडे बघतच म्हणाल्या. "पण मी तरी का उतरले, भावोजी? बसून राहिले असते, तर तुम्ही हसून हसून दमला असता, आणि मी पाण्यापर्यंत गेले असते." पोळी उलटून त्या म्हणाल्या, "नंतर दर रविवारी विचारायचे, येतेस का? मी म्हणायची, गुडघे दुखतात."

मी पोळ्यांचा डबा त्यांच्याजवळ सरकवला.

"ते काय करत होते हो तेव्हा?" त्यांनी एकदम विचारलं. "माझं तोंड समुद्राकडे होतं. ते मागे होते. मला दिसलेच नाहीत."

मग मी सांगितलं. की ते इस्त्रीचे कपडे घालून आले होते, तरी वाळूत पालथे झोपले होते. गाल जमिनीला टेकलेला, चष्मा तिरका झालेला. आणि गाडी समांतर झाली, तेव्हा ते गाडीकडे बघतच नव्हते. मान वर करून ताईंच्या पाठीकडे बघत होते, आणि हसत होते.

ताईंनी गॅस बारीक केला.

"परत सांगा," त्या म्हणाल्या.