तिसरी जोडी

मर्व्ह ट्रेझाइसला रंग दिसेनासे झाले होते, आणि ऑस्ट्रेलियातल्या कडीना गावात हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मोतीबिंदू असता तर काढून मोकळा झाला असता. पण डोळ्याची नसच वाळत चाललीय, असं ॲडलेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. अडतीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडून पोट भरलेला माणूस, आणि त्यालाच सगळ्या तारा राखाडी दिसाव्यात! नशिबाने थट्टा करावी, पण किती?

तरी तो निभावून नेत होता. पूर्वी टेलिफोन खात्यात तारांच्या जोड्या विंचरून ठरलेल्या क्रमाने बांधायची शिस्त होती: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. गावातली निम्मी कामं त्याच्याच हातची. त्यामुळे तो बोटांनी मोजायचा आणि जोडायचा.

त्या दिवशी बार्ली खरेदीच्या कचेरीत ग्लेनिसच्या टेबलापाशी नवं सॉकेट बसवायचं होतं. तिच्यासाठी हिरवी, म्हणजे तिसरी जोडी. ग्लेनिस शाळेपासूनची मैत्रीण, त्यामुळे तिच्या जिभेला लगाम नव्हता.

"खाली बसलास खरा, पण उठवायला क्रेन मागवू का?"

"तू चहा मागव. तेवढा पुरे."

सॉकेट झालं. मग सगळ्या टेबलांच्या तारा जिथे येतात त्या भिंतीवरच्या फलकात त्याने तिसरी जोडी मोजली, ग्लेनिसच्या लाइनला दाबून बसवली आणि मोबाइलवरून तिचा नंबर लावला. घंटा वाजली ती आत, साहेबांच्या टेबलावर. मध्यंतरी कुणीतरी फलक नव्याने बांधला होता, आणि तोही वाटेल तसा, क्रम न पाळता. मर्व्हने चौथी लावून पाहिली. आता घंटा गोदामात वाजली.

ग्लेनिस चहाचा कप घेऊन मागेच उभी होती.

"मर्व्ह, हिरवी पहिलीच आहे. तुझ्या नाकासमोर."

तो एकेक तार डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागला.

"कधीपासून रे?"

"दोन वर्षं झाली."

"गाढवा," ती हळूच म्हणाली, आणि शेजारी बसून एकेक रंग सांगू लागली.

फोन सुरू झाला. काम संपलं की नव्या सॉकेटवरूनच डेपोला कळवायचं, असा नियम होता. मर्व्हने कळवलं.

"झकास!" मुकादम डॅरल म्हणाला. "उद्या वालारूला जा. वृद्धाश्रम आहे, चाळीस खोल्या. प्रत्येक पलंगाशी मदतीची घंटा जोडायचीय."

ग्लेनिस कुजबुजली, "हो म्हण. मी नाही कुणाला सांगणार."

मर्व्हला फार वाटलं, 'हो' म्हणून टाकावं. पण एखादी म्हातारी बटण दाबत राहील आणि घंटा भलत्याच खोलीत वाजेल, हे त्याला आत्ताच ऐकू येत होतं.

"डॅरल, मला रंग दिसत नाहीत."



"मग डेपोच्या गाडीची चावी आणून दे, मर्व्ह."

नवी लाइन इतकी स्वच्छ होती की ते ग्लेनिसलाही ऐकू गेलं.