उलटं पडलेलं पिल्लू

घणसोली गावात माझ्या समोरच्या खोलीत साताऱ्याकडचा एक हमाल राहायचा. गेलेल्या बायकोच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत तो टॅरंटुला कोळ्याची पिल्लं पाळायचा. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी बाटली. पोती उचलणारा तो माणूस झाकणाला सुईनं भोकं पाडताना श्वास रोखून धरायचा.

एकदा गावी जाताना त्यानं किल्ली माझ्याकडे दिली. एक पिल्लू पाय वर करून पडलेलं दिसलं. मेलं समजून मी ते गटारात टाकलं, वर शहाणपणानं बाटलीही धुऊन ठेवली.

परतल्यावर मी त्याला पिल्लू कसं पडलं होतं ते सांगितलं, तेव्हा तो त्या बाटलीकडे बघत राहिला.

"मेलं नव्हतं वो. कात टाकत हुतं. तवा नुसतं थांबायचं असतं."

पुढच्या खेपेला गावी जाताना त्यानं सगळ्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून बरोबर नेल्या. खोलीला कुलूपही लावलं नाही.