बियाण्याच्या वालांचं बिरडं

बाय गेली, हा फोन आला तवा माझी बोटं वालाच्या सालांनी बुळबुळीत झालती. सुनेनं फोन माझ्या कानाला धरला. ऐकलं, आन टोपलीत राहिलेले वाल सोलून पुरे केले. सुतकात फोडणी चालत न्हाय, म्हणून सोललेलं सगळं शेजारणीला दिलं. त्याला आता महिना झाला. बाय म्हणजे माझी मोठी जाऊ, शेवंती. श्रीवर्धनच्या अलीकडं आमचं गाव. एका चुलीवर आम्ही दोघींनी बावीस वर्सं रांधलं.

माझी मंदा झाली ती आषाढात. पुरुषमाणसं मुंबईला कामाला, भाताची कणगी तळाला लागलेली, मी दोन्ही वेळ पेजेवर. अंगात रगत न्हाय तर दूध कुठनं येनार? पोर रडायची, मग रडायचीबी थांबली... नुसती तोंड उघडायची. सासू म्हणली, "जाईल ही. देव दुसरं देईल." बाय तशीच उठली. माळ्यावर चढली आन राखेत घालून ठेवलेलं वालाचं बियाणं खाली काढलं. सासू धावत आली.

"अगं भवाने, बियाण्याचे वाल? आन तेबी बाळंतिणीला? वातानं पोरीचं पोट फुगंल!"

"पेरायला दिवाळी जावी लागंल, आई. पोर आज चाललीय."

"आन मेली तर?"

"मेली तर माझ्या नावानं सांगा गावात. जगली तर तुमच्या."

राख धुवून तिनं वाल भिजत घातले, मग फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवले. मोड यायला दोन दिवस लागनार. ते दोन दिवस बाय पोरीला मांडीवर घेऊन कापसाच्या बोळ्यानं पेजेचं पाणी चोखवत बसली. मी भिंतीकडं तोंड करून पडले व्हते, बघवत नव्हतं... बियाणंच ते, एकूण एक दाण्याला मोड आला. बायनं ते सोलले, वातावर उतारा म्हणून हिंग-ओव्याची फोडणी दिली, लसूण, हळद, ओलं खोबरं वाटून लावलं, दोन आमसुलं टाकली. ताट माझ्यापुढं सरकवलं. "रस्सासुद्धा ठेवायचा न्हाय." सासू उंबऱ्यात बसून माझा घासन् घास बघत व्हती. रोज दोन वेळ तेच खाल्लं. चौथ्या दिवशी माझा पदर ओला झाला. वालानं झाला का पोटात कायतरी पडलं म्हणून, ते मला न्हाय ठाव. पोर ओढून ओढून प्याली, आन नंतर असा टाहो फोडला की आळीतल्या बाया धावत आल्या. रडनं ऐकून घरात सगळी हसत व्हती, असं मी त्याच दिवशी बघितलं.

पुढं सासूनं गावभर सांगितलं, "नात मी जगवली." बायनं एका शब्दानं खोडलं न्हाय. दिवाळी झाल्यावर पालीकडच्या आपल्या माहेराहून नवं बियाणं डोक्यावर घेऊन आली, आन वाल वेळेवर पेरले.

मंदा कबड्डीत चढाईला गेली की बाय मैदानाच्या कडंला उभी राहून सगळ्यांपेक्षा जोरात वरडायची. आता मंदा सरकारी दवाखान्यात सिस्टर हाय. सुतक फिटल्यावर तिनं रजा वाढवली, बायच्या घरात गेली आन बायच्याच टोपात बिरडं टाकलं. बायच्या सुनेनं ढवळायला डाव उचलला, तशी मंदा गरजली, "ठेव तो खाली! दाना मोडला तर बघ!" पदर खोचला, फडक्यानं टोप दोन्ही बाजूंनी धरला आन गदागदा हलवला. तो आवाज, ती उभी राहायची तऱ्हा...

सून माझ्याकडं बघत म्हणली, "काकी, ह्या तर आमच्या सासूबाय!"

मी पाट मांडून बसले. "व्हय," म्हणलं, "आता वाढा."