टिकारामची वरातीची मोटर

“तापू दे, मंग होते.”

टिकाराम कासाराचे हे वाक्य ऐकून ऐकून त्याची बायको देवकाबाई म्हातारी होत आली होती. भट्टीतले पितळ नरम होईना, तरी हेच. चुलीवरचा भात शिजेना, तरी हेच. जावई रुसून बसला, तेव्हाही दारातल्या बाजेवर पाय हलवत टिकाराम हेच म्हणाला होता.

भंडाऱ्यातल्या त्यांच्या मोहल्ल्यात एके काळी सकाळ उजाडायची ती हातोड्यांच्या ठोक्यांनी. घरोघरी पाण्याचे गुंड घडायचे, पराती घडायच्या, आणि अख्खा मोहल्ला देवळाच्या घंटेसारखा घुमत राहायचा. मग बाजारात स्टील आले. पाणी भरायचा पितळेचा गुंड मुलीच्या आंदणात कोणी मागेनासे झाले. एकेक घर मुके होत गेले. एकोणऐंशी साल उजाडेपर्यंत टिकारामच्या हातोडीवर धूळ बसू लागली.

स्टीलच्या भांड्यांचे दुकानदार मधुकरराव एकदा घरी येऊन म्हणाले, “टिकारामभाऊ, माह्या दुकानात या. खुर्चीवर बसाचं, गिऱ्हाइकाले भांडं दाखवाचं. हाताले काळं नाई लागत.”

माणूस चांगल्या मनाने बोलला होता. टिकाराम त्या दिवशी जेवला नाही.

दिवाळीनंतर तो जुने पितळ घ्यायला आसगावला गेला आणि बैलबंडीमागे मोटर बांधून आला. मालगुजाराच्या गोठ्यात वर्षानुवर्षे पडलेली, इंग्रजांच्या काळातली उघडी मॉरिस. भंगाराच्या भावात मिळाली होती. मागच्या सीटवर कोंबडी बसून आली होती, तीही भावात धरलेली.

देवकाबाईने कमरेवर हात ठेवले. “अवो, पितळ आणाले गेलते ना? हे काय होय?”

“वरातीची मोटर.”

“कोनाच्या वरातीची? आपली तं होऊन गेली.”

मोहल्ला पोट धरून हसला. टिकाराम हसला नाही. “आपल्याइकडं नवरदेव बसाले अशी मोटर हाय काय कोनापाशी? ही चालू झाली की दर लग्नसराईत काम. मधुकररावाच्या खुर्चीवर बसाची पाळी नाई येत, देवका.”

त्या शेवटच्या वाक्याने देवकाबाईचे हात कमरेवरून खाली आले.

मग पुन्हा ठोके सुरू झाले. मोटरीत पाणी थंड करायची जाळी तांब्यापितळेची निघाली, तेव्हा टिकारामला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. ती त्याने फुटल्या जागी डाग देऊन, झाळून एका बैठकीत पक्की केली. सीटमध्ये धानाची तणस भरली. गल्लीतून गाय जाऊ लागली की देवकाबाईला काठी घेऊन उभे राहावे लागे. समोरच्या दिव्यांभोवतीची कडी गंजून गेली होती. त्यासाठी पितळ कमी पडले तेव्हा तिने स्वतःच आपला आंदणाचा गुंड बाहेर आणून ठेवला. भांड्यावर नाव घालायची रीत. त्यामुळे गुंड कापून केलेल्या एका कड्यावर ‘देवका’ राहिले आणि दुसऱ्यावर तिच्या बापाचे अर्धे नाव.

इंजिनापाशी मात्र घोडे अडले. गॅरेजवाला परसराम येऊन, वाकून पाहून गेला. इंजिनाच्या पोटातला दांडा ज्या वाट्यांत फिरतो, त्यांचे अस्तर झिजले होते.

“नागपूरले न्या भाऊ. पांढरी धातू ओतून देतेत तिथं.”

नागपूरचा खर्च टिकारामच्या कुवतीबाहेरचा होता. त्याने वाटी नखाने खरडली, नाकाशी नेली, आणि त्याचा चेहरा उजळला. “पांढरी धातू म्हनते! अरे, कथील होय हे. सारी जिंदगी भांड्याले कल्हई कराले मी दुसरं काय वापरलं?”

“असन बाप्पा,” परसराम म्हणाला. “मी कुठं ओततो?”

कथील त्यात होतेच. पण त्याला कडक करणारे आणखी काही मिसळलेले होते, आणि ते कासाराच्या नखाला समजणारे नव्हते. घरच्या भांड्यांच्या कल्हईसाठी राखलेले सगळे कथील वाट्यांत गेले. नवसागराच्या धुराने घर भरले. त्यानंतर पितळेच्या पातेल्यात ताक कळकू लागले म्हणून देवकाबाई मातीच्या मडक्यात कढी करू लागली.

आणि मोटर चालू झाली! खोकली, थरथरली, आणि चालू झाली. आठवडाभर टिकाराम ती बाजारातून हळूहळू फिरवत होता. कापडवाले गोपाळराव स्वतः मोटर ठरवायला घरी आले. त्यांच्या मुलाची वरात आसगावला जायची होती. वरातीच्या सकाळी निघताना देवकाबाईने मोटरीच्या बॉनेटवर हळदीचा पंजा उमटवला.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी घुंगरे वाजली. बैलांची घुंगरे. देवकाबाई दारात आली. पुढे बंडी, मागे दोराने बांधलेली मोटर, आणि त्यात रिकाम्या सीटांपुढे दोन्ही हातांनी चाक धरून बसलेला टिकाराम. शहर मागे टाकून मोटरीने वेग धरताच इंजिनाच्या पोटात टकटक सुरू झाली होती, मग मोठा आवाज झाला होता. नवरदेव वऱ्हाडाच्या बंडीत बसून पुढे गेला होता.

संध्याकाळी त्याने खालचे झाकण उघडले. काळ्या तेलात कथलाचे चकचकीत थेंब पसरले होते. दांडा सुटून इंजिनाच्या अंगाला भोक पाडून गेला होता.

“भट्टी पेटवू काय?” देवकाबाईने विचारले.

“कायले?”

“तुमीच म्हनता, तापू दे, मंग होते.”

“बीड होय हे, देवका, ओतीव लोखंड. बीडाले माहा डाग धरत नाई.”

त्याने आपले तळवे उलटेसुलटे करून पाहिले, जणू ते कोणा दुसऱ्याकडून उसने आणले होते. ती आत गेली आणि मडक्याखालचा जाळ पुढे सारत बसली.

सोमवारी टिकाराम आंघोळ करून धुतलेला सदरा घालून बाहेर पडला. हातोडी खुंटीला होती. अंगणातल्या मोटरीला वळसा घालून तो मधुकररावांच्या दुकानाच्या वाटेला लागला. हळदीचा पंजा अजून पिवळा होता. सीटवर कोंबडी येऊन बसली होती. तिला कोणी हाकलले नाही. परसराम गॅरेजच्या दारात बिडी हातात तशीच धरून उभा राहिला, आणि देवकाबाई मोटरीच्या दिव्यावर हात ठेवून वळणापर्यंत त्याच्या पाठीकडे पाहत राहिली.