गौरीचा डावा डोळा

दादा गेला तो रोह्याला, ताईच्या घरी. चार दिवस राहून येतो म्हणून पेणहून निघाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, हातातला चहा अर्धा असतानाच... ताईचा फोन आला तेव्हा मी आमच्या गणपतीच्या कारखान्यात होतो. खरं सांगतो, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की जातानाही हा तिच्याकडेच गेला! पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असला विचार शोभत नाही, हे मलाही कळतं. पण दादाबद्दल लिहायचं आणि हेवा लपवायचा, तर मग लिहायचं तरी काय?

आम्ही तिघं भावंडं. दादा थोरला, मग ताई, मी शेंडेफळ. नावाला शेंडेफळ, लाड सगळे दादाचे. कारखान्यात रंग कुणीही द्यावा, पण डोळ्यांची आखणी एकाच हातानं व्हायची, आणि तो हात दादाचा. गिऱ्हाईक मूर्ती न्यायला आलं की आधी विचारायचं, "डोळे दादांनीच काढलेत ना?" पितांबर मी रंगवलेला, दागिने मी उजळलेले, तिकडे बघतो कोण! मी पॉलिश पेपर घासत बसायचो आणि आतल्या आत जळायचो.

नव्वद सालानंतरची एक दिवाळी मात्र डोक्यातून जात नाही. ताईच्या सासरच्या गौरीचा शाडूचा मुखवटा सण उरकल्यावर नव्यानं रंगवायला आमच्याकडे आला होता. गणपतीआधीच्या धामधुमीत वेळ कुठला, म्हणून भाऊबीजेला जाताना नेऊ असं ठरलं. आदल्या दुपारी दादानं उजवा डोळा आखला आणि जेवायला उठला. "डावा येऊन करतो, हात लावू नको," म्हणाला. ते शेवटचं म्हणाला नसता तर कदाचित मी लावलाही नसता. त्याचाच ब्रश उचलला... आणि बुबुळ जरासं बाहेरच्या बाजूला गेलं. पुसायचा धीर होईना. वाळल्या वाळल्या मुखवटा आईच्या जुन्या लुगड्यात बांधून टाकला आणि दादाला सांगितलं, "डावा मी केला. झालाय चांगला." तो माझ्याकडे बघत राहिला, मग नुसतं "बरं" म्हणाला.

सकाळी स्कूटरवरून निघालो. दादा पुढे, मी मागे मांडीवर गाठोडं घेऊन. वडखळचा नाका गेला, नागोठण्याला चहा झाला आणि मग भिसे खिंडीचा चढ लागला. पाऊस सरलेला, गवत पिवळं पडायला लागलेलं, सागाच्या पानांची किड्यांनी चाळणी केलेली, खाली शेतांतून कापलेलं भात आडवं पडलेलं. एवढी सुंदर वाट, पण माझं लक्ष सगळं मांडीवरच्या गाठोड्यात. वर पोचल्यावर स्कूटर तापली म्हणून दादा थांबला आणि म्हणाला, "बघू दे." त्यानं लुगडं सोडलं, मुखवटा उन्हात धरला आणि जरासा तिरका करून डावा डोळा पाहिला. त्याच्या डिकीत काळ्या रंगाची बाटली आणि बारीक ब्रश कायम असायचा. मीच चिडून म्हटलं, "पुसून टाक की! तुला येतंय ना सगळं!"

"पुसला तर तुझा हात कधी बसायचा रे?" म्हणाला, आणि गाठोडं पुन्हा बांधून माझ्या मांडीवर ठेवलं.

रोह्याला ताईनं मुखवटा बघितला मात्र, "दादा, ही अशी वाकडी काय बघते रे?" दादा शांतपणे म्हणाला, "माझाच हात हलला गो." मी तोंड उघडलं नाही. ताईनं मुखवटा खिडकीपाशी नेला, इकडून तिकडून न्याहाळला आणि तिचे डोळेच भरून आले. "असू दे तशीच. भाऊ येतायत काय ते दाराकडं बघते जशी." मग पानं वाढली. एकेक वाल सोलून केलेलं बिरडं, त्यातली पहिली वाटी अर्थातच दादाला! चूक माझी, तीही यानं स्वतःवर घेतली आणि वर ताईची मायाही मिळवली. दिवाळीनंतर त्यानं मला शेजारी बसवून आखणी शिकवली. लोक याला मनाचा मोठेपणा म्हणतात. मला त्याच्या हातापेक्षा त्या मोठेपणाचाच हेवा जास्त वाटला. आखणी शिकता आली, तो नाही आला.

गेल्या आठवड्यात रोह्याला गेलो. ताईनं मुखवटा माझ्यासमोर आणून ठेवला. "रंग उडत चाललाय, आता तूच कर. पण दादाचे डोळे हायत तसेच ठेव. डावा तर सरळ करूच नको, नाय तर बघ!" ओठांवर आलं होतं, पण गिळलं. डावा डोळा आखायला घेतला आणि बुबुळ आपसूक बाहेरच्या बाजूला गेलं, तेव्हा गेलं होतं तिथंच. उजव्यापाशी मात्र हात थांबला... ब्रश तसाच धुऊन ठेवला. "झालं?" ताईनं विचारलं. म्हटलं, "झालं."

हे ज्या पेपरात छापून येणार आहे, तोच ताईकडे दर रविवारी येतो. ताई, डावा माझा होता. उजवा तेवढा दादाचा आहे. फिका दिसला तरी तो कुणाला रंगवायला देऊ नकोस, मलासुद्धा.