सोनाआत्याचं ऊन

सोनाआत्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरंच. रहाटणीत आमच्या भाड्याच्या खोलीसमोर तिचं घर होतं. थंडीतल्या सकाळी ती डोक्यावर पदर घेऊन, उन्हाकडे पाठ करून जोत्यावर एकटीच बसलेली असायची. वाटेने बायका पाण्याला जायच्या. कुणी थांबत नसे, आणि तीही कुणाला हाक मारत नसे.

मी रत्नागिरीकडची. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात यजमानांना काम लागलं म्हणून आम्ही या मुलखात आलो. पहिलं मूल जन्मताच गेलं आणि मी दार लावून घेतलं. यजमान सायकलवरून शिफ्टला गेले की दिवसभर अंधारात पडून राहायचं. आपल्या गावचं माणूस जवळ नव्हतं. असतं तरी मी काय बोलणार होते?

एके सकाळी कडी वाजली. दारात सोनाआत्या.

"पोरी, लई दिस झालं तुझं दार बघतीया. भाईर ये."

"बरं वाटत नाही," मी म्हटलं.

"म्हनून तर बलिवती. बरं वाटल्यावर कशाला येशील?"

हाताला धरून तिने मला जोत्यावर नेऊन बसवलं. मुलाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. माझा पदर डोक्यावर ओढला, पाठ उन्हाकडे केली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आपण तांदूळ निवडत बसली. पाठ हळूहळू तापत गेली. किती तरी दिवसांनी मी रडले. ती निवडतच राहिली.

तेव्हापासून मी रोज जाऊ लागले. उन्हाबाबत तिची शिस्त कडक होती. "कवळं ऊन पोटाशी धरतं, दुपारचं फाडून खातं," म्हणायची. सावली आखडून पायाशी येऊ लागली की उठायचं म्हणजे उठायचं. फाल्गुनात एकदा मी तिची नजर चुकवून तशीच बसून राहिले आणि घेरी येऊन आडवी झाले. तिने ओढत सावलीत नेलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, घोट घोट ताक पाजलं. मग रागावली. "ग्वाड लागलं म्हनून गूळबी कुनी पोटभर खात न्हाई!"

मला झोप लागायला लागली. जेवण जायला लागलं. एकदा मी विचारलं, "आत्या, तुमच्याकडे कुणीच कसं येत नाही?"

तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "हितं बसायला मला लई भांडावं लागलं, पोरी. मालक गेलं तवा मला कोपऱ्यात बसिवली. घरात एक काळी खोली व्हती, तिथं. कोंबडं आरवलं की सकाळ झाली म्हनायचं, बाकी समदी रातच. हाडं ठनकायची. मन तर त्येच्या आदीच कुजलं व्हतं. एक दिस उठली आन समद्यांदेखत हितं येऊन बसली. दिरानं त्याच दिशी चूल येगळी केली. ऊन मिळालं, मानसं गेली."

"पस्तावा होतो?"

"ऊन हाय तवर न्हाई व्हत. दिवस मावळला की व्हतो."

यजमानांना पिंपरीत क्वार्टर मिळाली. आम्ही निघायच्या सुमारास आत्याच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातला तरणा मुलगा तापाने गेला. त्याची बायको सरजा, पोरच ती. तिलाही कोपऱ्यात बसवली. आत्या त्यांच्या दारात गेली. "सकाळच्याला घडीभर तरी पोरीला उन्हात बसवा," म्हणाली. सरजाच्या सासूने तोंडावर दार लावलं. "एक बाई नासली तेवढी पुरं!"

आत्या परत येऊन बसली. निघताना मी पाया पडले तेव्हा एवढंच म्हणाली, "नव्या घरात ऊन कुनीकडनं येतं, त्ये आदी बघ."

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. थंडी पडल्यावर तिला घेऊन मी रहाटणीला गेले. आत्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणात उन्हात एक मुलगी केस मोकळे सोडून बसली होती. ती सरजा. मी आत्याचं विचारलं.

"आत्या गेली," ती म्हणाली. "श्येवटी तिला उठवत नव्हतं. तरी भिताडापल्याडनं रोज हाक यायची, 'सरजे, ऊन आलं गं!' मी आतनं ऐकायची. सासू म्हनायची, वरडंल आन गप बसंल. एक दिस हाक आली न्हाई. लई येळ वाट बघितली. मग उठली, दार उघडलं आन समद्यांदेखत तिच्याकडं गेली. अंग गार पडलं व्हतं."

तिने सरकून माझ्या मुलीला जागा करून दिली.

"आता हाक मारनारं कुनी न्हाई," ती म्हणाली. "माझी मीच येती."